रेकॉर्डिंगला ढिम्म, खऱ्या गडगडाटाला थरथर: कुत्रीची आवाजाची भीती घालवताना कुठे अडतंय?

शेपटीचं_टोक (धागाकर्ता)

मिश्र जातीची मादी, वय ५ वर्षं, वजन १८ किलो, नसबंदी झालेली. भीती तीन प्रकारच्या आवाजांची: ढगांचा गडगडाट, फटाके आणि घरातले अचानक होणारे आवाज, म्हणजे भांडं पडणं, दार आपटणं वगैरे. तीव्रताही याच क्रमाने. गडगडाट सुरू झाला की धापा, थरथर, शेपूट मागच्या पायांत, कान मागे आणि पलंगाखाली घुसायची धडपड. खाण्याला तोंडही लावत नाही. ढग निघून गेले तरी पूर्ववत व्हायला दीड-दोन तास जातात. घरातल्या आवाजाला मात्र दचकते आणि मिनिटभरात सावरते.

डिसेन्सिटायझेशनची नेहमीची पद्धत चालू आहे. फोनवर गडगडाटाचं रेकॉर्डिंग, अगदी कमी आवाजापासून सुरुवात, सोबत खाऊ, हळूहळू आवाज वाढवत नेणं. आता फोनचा आवाज पूर्ण मोठा केला तरी ती कूस बदलत नाही. पण खरा गडगडाट झाला की पहिले पाढे पंचावन्न.

विचारायचं आहे ते हे:
१. रेकॉर्डिंग आणि खरा आवाज यांतली दरी कशी भरायची?
२. घाबरल्यावर ती खाऊ घेतच नाही, मग काउंटर-कंडिशनिंग (भीतीच्या आवाजाशी आवडत्या गोष्टीची सांगड घालणं) करायचं कसं?
३. औषधाचा विचार कधी करावा?
४. घाबरलेली असताना जवळ घ्यावं की दुर्लक्ष करावं? दोन्ही सल्ले मिळतात.

तिसरा_कान

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं फोनच्या स्पीकरमध्येच आहे. नखाएवढा तो पडदा साधारण ३००-४०० हर्ट्‌झच्या खाली जवळपास काहीच वाजवत नाही. लांबच्या गडगडाटाची बहुतेक ताकद मात्र २०० हर्ट्‌झच्या खाली असते, त्यातही बरीचशी १०० च्या आत. म्हणजे फोनवर ऐकू येतं ती गडगडाटाची वरवरची साल. आपल्याला गडगडाट म्हणजे काय ते आधीपासून माहीत असतं, म्हणून तेवढ्यावरूनही आपण तो ओळखतो. कुत्रीच्या लेखी ती कुठली तरी नवी, निरुपद्रवी खरखर आहे. त्या खरखरीची तिला उत्तम सवय झालीय, एवढंच.

फटाक्याची अडचण वेगळी. तिथे आवाज क्षणार्धात शून्यावरून टोकाला जातो आणि तो झटकाच कुत्र्याला हादरवतो. फोनवर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये माईक ते टोक कापून टाकतो आणि मोठा आवाज आपोआप दाबला जातो. उरतो तो नुसता 'फट्'. त्यामुळे चांगल्या माईकवर घेतलेली, न दाबलेली 'वेव्ह' प्रकारची फाइल शोधा. कमी दर्जाच्या एमपी३ मध्ये साधारण १६ किलोहर्ट्‌झच्या वरचा भाग उडवलेला असतो. आपल्याला तो फारसा ऐकू येत नाही म्हणून फरक कळत नाही. कुत्र्याचे कान ४५ किलोहर्ट्‌झच्या आसपासपर्यंत ऐकतात.

स्पीकर कसा हवा? निदान ५ इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा पडदा) असलेला. सबवूफर असेल तर उत्तम, तो ४० हर्ट्‌झपर्यंत उतरतो. सबवूफर सुरुवातीला जाड फोमवर ठेवा, थेट जमिनीवर नको. जमिनीवर ठेवला की थरथर फरशीतून तिच्या पंजांपर्यंत पोचते. खऱ्या गडगडाटातही तसं होतं, पण ती वेगळी पायरी धरा. आवाज आणि कंप दोन्ही एकदम दिलेत आणि ती बिथरली, तर कशाने बिथरली ते कळणारच नाही. स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात ढकलला की खालचे सूर फुगतात हेही ध्यानात असू द्या. कालच्याच आकड्यावर आज आवाज जड वाटेल.

आवाज मोजायला फोनवरचं डेसिबल मीटर पुरतं, मात्र त्यात 'सी' वेटिंग (कुठल्या सुरांना किती वजन द्यायचं याची एक पद्धत) निवडायची सोय असेल तर तीच घ्या. नेहमीचं 'ए' वेटिंग खालचे सूर हिशेबातच कमी धरतं, त्यामुळे गडगडाटाला आकडा फसवा येतो. फोनचा माईकही खालच्या सुरांना कच्चा असतो. म्हणून आकडा खरा मानू नका. कालचा आजशी ताडून बघायला तो पुरेसा आहे, फक्त फोन दर वेळी त्याच जागी ठेवा. शांत खोली ३०-४० डेसिबलच्या घरात असते. सुरुवात तिथूनच, म्हणजे तुम्हाला कान देऊन ऐकावं लागेल इतका हळू आवाज. पुढची प्रत्येक पायरी ३ डेसिबलची.

आता काही फसव्या जागा. ब्लूटूथ स्पीकर चालू होताना किंवा फोनला जोडला जाताना 'टुडूं' असं काहीतरी वाजतं. चार सत्रांत कुत्री तोच आवाज ओळखायला लागते, आणि मग गडगडाट सुरू व्हायच्या आधीच तिचे कान मागे पडतात. स्पीकर सत्राच्या अर्धा-एक तास आधी चालू करून ठेवा आणि फाइलच्या सुरुवातीला ५ ते २० मिनिटांची कोरी शांतता टाका, दर फाइलला वेगळी. तुम्ही फोन हातात घेतलात हीदेखील खूण ठरू शकते. एकच फाइल फिरवत राहिलात तर ती फाइल पाठ होते, गडगडाट नाही. निदान पाच-सहा वेगवेगळी रेकॉर्डिंग्ज हवीत: दूरचा दीर्घ गडगडाट, जवळचा कडकडाट, पावसासकट, पावसाविना.

सत्र पाच ते दहा मिनिटांचं, त्यात आठ-दहा आवाज, मधलं अंतर अनियमित: कधी २० सेकंद, कधी दोन मिनिटं. आठवड्याला तीन ते पाच सत्रं भरपूर झाली. सलग दोन सत्रांत तिने आवाज ऐकला (कान वळला), अंग सैल राहिलं आणि ती तुमच्याकडे खाऊसाठी बघायला लागली, तरच पुढची पायरी. नुसती पडून राहिली तर ती पायरी पार पडली असं मानू नका. भीतीने थिजून पडलेलं कुत्रं आणि निवांत पडलेलं कुत्रं लांबून सारखंच दिसतं. जवळून तोंड बघा. मिटलेले ताठ ओठ, कडेला दिसणारा डोळ्याचा पांढरा भाग, नाकावरून फिरणारी जीभ, झोप नसताना आलेली जांभई यांतलं काहीही दिसलं तर दोन पायऱ्या खाली या.

एका वेळी एकच गोष्ट बदला. आवाज वाढवताय तर खोली तीच ठेवा. खोली बदलताय, स्पीकर पुढून मागे नेताय, दिवसाऐवजी रात्री करताय, तर आवाज ६ ते ९ डेसिबल कमी करून सुरू करा. खरा गडगडाट वरून आणि बाहेरून येतो, म्हणून शेवटच्या टप्प्यांत स्पीकर उंचावर, खिडकीपाशी हवा.

८० डेसिबलच्या पुढे मी कुणालाच नेऊ देणार नाही. जवळ पडलेली वीज त्याच्या कितीतरी पट मोठी वाजते, ती घरात आणायची गरज नाही आणि ते कानांना चांगलंही नाही. शिवाय वादळात आवाजाआधी वारा असतो, हवेचा दाब उतरतो, अंधारून येतं, वीज लखलखते. यांतलं रेकॉर्डिंगमध्ये काहीच येत नाही. बरीच कुत्री पहिल्या गडगडाटाच्या आधीच येरझाऱ्या घालायला लागतात ती यामुळे. तेव्हा दरी रेकॉर्डिंगने कमी होईल, बुजणार नाही. उरलेलं काम खालच्या प्रतिसादांमधलं.

खडीसाखर

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते.

आधी क्रम तपासा. आवाज आधी, खाऊ नंतर, दोन्हींत एक ते दोन सेकंदांचं अंतर. दोन्ही एकदम सुरू झालं तर खाण्याच्या नादात आवाज नोंदलाच जात नाही. खाऊ आधी आणि आवाज नंतर असं झालं तर त्याहून वाईट: खाऊ हीच धोक्याची सूचना बनते. 'चांगलंचुंगलं दिलं की मागोमाग गडगडतं' हे कुत्रं फार लवकर शिकतं आणि मग त्या पदार्थाकडेही संशयाने बघायला लागतं. 'हल्ली चिकनसुद्धा खात नाही' ही तक्रार बऱ्याचदा इथून येते. फाइलमध्ये कोरी शांतता असली की हातून ही चूक होत नाही, कारण आवाज कधी येणार हे तुम्हालाही माहीत नसतं.

खाऊची पिशवी कमरेला लावणं हीसुद्धा खूण बनते. एक तर ती दिवसभर अधूनमधून लावून फिरा, नाहीतर घरात चार-पाच ठिकाणी झाकणाच्या बरण्या ठेवा. दुसरा मार्ग मला जास्त पटतो, कारण खरा आवाज काही सांगून येत नाही.

खाऊ वाटाण्याएवढा, मऊ, न चावता गिळता येईल असा. उकडलेलं, मीठ-मसाला-कांदा-लसूण नसलेलं चिकन बहुतेकांना चालतं. हा पदार्थ फक्त याच कामासाठी राखून ठेवा, एरवी ताटातून नको. दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांच्या वर हा खाऊ जाऊ देऊ नका आणि तेवढं जेवण कमी करा. एका आवाजाला एक तुकडा देण्यापेक्षा तीन-चार तुकडे एकामागून एक जमिनीवर टाका. खाली नाक लावून शोधण्यात कुत्रं जरा सैल पडतं. स्पीकरजवळ खाऊ ठेवून तिला तिकडे ओढायचा प्रकार मात्र नको. भूक आणि भीती यांच्यात ओढाताण होते आणि खाऊ संपला की ती स्वतःला धोक्याच्या अगदी जवळ सापडते.

आता ती खातच नाही याबद्दल. खाणं बंद होणं ही भीती तिच्या सहनशक्तीपलीकडे गेल्याची खूण आहे. त्या अवस्थेत शिकवणं होत नाही, तेव्हा तोंडासमोर तुकडा नाचवू नका. पण वादळ काही थेट टोकाला सुरू होत नाही. पहिला अस्पष्ट गडगडाट, लांबवरचा, जेमतेम ऐकू येणारा, त्याला ती बहुधा अजून खाऊ घेत असेल. कामाची वेळ तीच. त्या टप्प्यातल्या प्रत्येक गडगडाटाला चिकनचा पाऊस. खाऊ नाकारला की थांबा आणि तिला तिच्या लपायच्या जागी जाऊ द्या. खाऊ हळूच घेणारी कुत्री बोटांना दात लावून ओरबाडून घ्यायला लागली, तर नकाराच्या आधीची पायरी आली म्हणून समजा. काही कुत्र्यांना खाण्यापेक्षा दोरीची ओढाओढ किंवा चेंडू जास्त प्यारा असतो. खाऊ सुटला तरी खेळ सुटत नाही, असं असेल तर तेच वापरा.

हे असं आयत्या वेळचं काउंटर-कंडिशनिंग रेकॉर्डिंगइतकंच, किंबहुना जास्त मोलाचं आहे. बर्न विद्यापीठातल्या श्टेफानी रीमर यांनी १२२५ कुत्रामालकांची पाहणी करून २०२० साली ती प्रसिद्ध केली. आवाज झाला की लगेच खाऊ किंवा खेळ ही पद्धत वापरणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त लोकांनी तिचा फायदा झाल्याचं सांगितलं. रेकॉर्डिंगबद्दल तसं सांगणारे ५५ टक्क्यांच्या आसपास होते, अंगाला आवळून बसणाऱ्या जाकिटांबद्दल ४४ टक्के. फेरोमोन (कुत्र्याला शांत करण्यासाठी वापरले जाणारे गंध), वनौषधी, पूरक आहार हे सगळं ३५ टक्के किंवा त्याखाली. मालकांनी स्वतः सांगितलेलं आहे, प्रयोगशाळेतलं मोजमाप नाही, हे धरूनच वाचायचं. तरी वेळ आणि पैसा आधी कुठे घालवावा याचा अंदाज येतो.

त्याच पाहणीत रिलॅक्सेशन ट्रेनिंगलाही ७० टक्क्यांच्या जवळपास कौल आहे, आणि लोक नेमकं तेच सोडतात. एक ठरावीक चटई घ्या. घरात पूर्ण शांतता असताना ती त्यावर बसली, की खाऊ. कोपरावर टेकली, की खाऊ. एका कुशीवर कलली, हनुवटी टेकली, श्वास संथ झाला, की प्रत्येक वेळी हळू आवाजात एखादा ठरलेला शब्द आणि खाऊ. काही आठवडे हे फक्त शांततेत करा. चटई टाकल्याबरोबर अंग सैल पडायला लागल्यावरच ती रेकॉर्डिंगच्या सत्रांत आणा. कच्ची असताना वादळात काढली तर तिला भीतीचाच वास लागतो, मग ती चटई फुकट गेली.

निवांत_पंजा

चौथ्या प्रश्नाचं थोडक्यात: जवळ घ्या, तिला हवं असेल तर.

'लाड केलेत तर भीती वाढेल' हा सल्ला वागणूक आणि भावना यांची गल्लत करतो. बसल्याबद्दल खाऊ दिला तर कुत्रं जास्त वेळा बसेल, कारण बसणं त्याच्या हातात आहे. घाबरणं हातात नसतं. थरथरणाऱ्या कुत्रीच्या पाठीवर हात ठेवल्याने ती जास्त थरथरायला शिकत नाही.

फक्त निवड तिची असू द्या. ती येऊन टेकली तर हात छातीवर किंवा खांद्यावर स्थिर ठेवा, लांब आणि सावकाश फिरवा. भराभर थोपटणं नको. ती पलंगाखाली गेली असेल तर ओढून मांडीवर घेऊ नका. आणि तुम्ही स्वतः 'काही नाही, काही नाही' म्हणत घरभर खिडक्या बंद करत धावलात तर तीही तुमच्याबरोबर धावेल. खिडक्या आधी बंद करा.

रागावणं मात्र सगळ्यांत वाईट. तसंच 'एकदाची होऊ दे सवय' म्हणून गच्चीवर किंवा फटाक्यांजवळ बांधून ठेवणं. आवाजाच्या भीतीत वारंवार आदळल्याने सवय होईलच असं नाही, बहुतेकदा भीती वाढते आणि पसरते. शेवटी कुत्रं गप्प पडून राहतं ते हार मानून, आणि लोक म्हणतात, बघा, झाली सवय.

गोठा_ते_दवाखाना

पशुवैद्य म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक औषधांची, आणि तिच्याही आधीची एक.

ही भीती लहानपणापासून आहे की अलीकडे सुरू झाली किंवा वाढली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. प्रौढ वयात नव्याने आलेली आवाजाची भीती दिसली की मी आधी दुखणं शोधतो. २०१८ साली लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी आवाजाला घाबरणाऱ्या २० कुत्र्यांची तुलना केली: १० हाडं-स्नायूंचं दुखणं असलेली, १० नसलेली. दुखणं असलेल्या गटात भीती सरासरी जवळपास चार वर्षं उशिरा सुरू झाली होती आणि ती आवाजापुरती न राहता जागा, इतर कुत्री अशी पसरत गेली होती. गट छोटा आहे, पण कारण पटण्यासारखं आहे. दचकलं की अंग आखडतं, आखडलं की दुखरा कंबरेचा किंवा गुडघ्याचा सांधा ओढला जातो, आणि आवाज म्हणजे कळ हे समीकरण बसतं. अशा वेळी दुखण्यावर उपचार झाल्याशिवाय रेकॉर्डिंग कितीही वाजवलं तरी पुढे सरकत नाही.

घरी काय बघाल? झोपून उठताना पहिली काही पावलं आखडलेली, जिना चढताना दोन्ही मागचे पाय एकदम टाकणं, सोफ्यावर उडी मारण्याआधी विचार करणं, बसताना एक पाय बाजूला टाकणं, एकाच सांध्याला सतत चाटणं. मोबाइलवर चालतानाचा व्हिडिओ बाजूने आणि मागून काढून आणा. दवाखान्यात ताण आला की कुत्री लंगडणं लपवतात. माणसांची वेदनाशामकं देऊन 'बघू फरक पडतो का' हा प्रयोग करू नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडं जातात, पॅरासिटामॉलने यकृत.

आता तिसरा प्रश्न. औषध हा शेवटचा उपाय आहे ही समजूत सोडा. खाणं बंद होतं आणि सावरायला दीड-दोन तास लागतात, एवढं वर्णन मला औषधाची चर्चा सुरू करायला पुरेसं आहे. प्रत्येक वादळात ती पूर्ण घाबरते तेव्हा तुमची सत्रांतली मेहनत पुसली जाते. औषधाने ती धार बोथट झाली की शिकायला वाव मिळतो.

दोन गट आहेत. पहिला, गरजेपुरता द्यायचा. डेक्समेडेटोमिडीनचं जेल खास कुत्र्यांच्या आवाजाच्या भीतीसाठी मान्य झालेलं आहे. ते गिळायचं नसतं, गाल आणि हिरडी यांच्यामध्ये लावायचं, तिथल्या त्वचेतून ते शोषलं जातं. गिळलं तर असर कमी होतो, म्हणून लावल्यावर १५ मिनिटं खाऊ नाही. परिणाम अर्ध्या ते एक तासात दिसतो, दोन-तीन तास टिकतो. पुढची मात्रा दोन तासांनी, एका प्रसंगात जास्तीत जास्त पाच. लावताना हातमोजे घाला, आपल्याही त्वचेतून ते शरीरात जातं. गरोदर बाईने तर हाताळूच नये. युरोपात २०१८ पासून इमेपिटॉइन याच कामासाठी मान्य आहे, त्याच्या गोळ्या मात्र अपेक्षित दिवसाच्या दोन दिवस आधीपासून सुरू कराव्या लागतात. ठरलेल्या दिवशी फटाके असतील तर ठीक, अवचित आलेल्या वादळाला त्याचा उपयोग नाही. याशिवाय ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन, अल्प्राझोलाम ही मूळ माणसांची औषधं पशुवैद्य कुत्र्यांनाही देतात. मात्रा वजन, वय, यकृत-मूत्रपिंडं आणि चालू औषधं बघून ठरते, म्हणून इथे लिहीत नाही. एक इशारा मात्र लिहितोच: माणसांच्या द्रवरूप गॅबापेंटिनमध्ये झायलिटॉल ही साखरेऐवजीची गोडी असू शकते. ती कुत्र्याला विषारी आहे, रक्तातली साखर झपाट्याने पाडते.

दुसरा गट रोज द्यायचा: फ्लुओक्सेटिन, क्लोमिप्रामिन. यांना चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे भीतीचा मोसम तोंडावर आल्यावर सुरू करून काही साधत नाही. भीती वर्षभर असेल, किंवा वादळ येईल-येईल या धास्तीतच कुत्रं दिवस काढत असेल, तर यांचा विचार होतो.

ॲसिप्रोमॅझिन हे गुंगीचं औषध एकटं देऊ नका. अजूनही ते सर्रास दिलं जातं. त्याने अंग लुळं पडतं, भीती तशीच राहते. कुत्रं सगळं ऐकतं, फक्त पळू शकत नाही. मालकाला ते शांत झाल्यासारखं दिसतं, म्हणून ते लोकप्रिय.

कुठलंही औषध पहिल्यांदा शांत दिवशी, तुम्ही चार-सहा तास घरी असताना द्या. अल्प्राझोलामसारख्या औषधाने काही कुत्री उलट चेकाळतात, काहींना भूक खवळते, काहींचा तोल जातो. वादळाच्या रात्री हे पहिल्यांदा कळणं परवडत नाही. आणि वेळ: भीती चढल्यावर दिलेली मात्रा बऱ्याचदा वाया जाते. हवामानाचा अंदाज बघून, पहिल्या गडगडाटाच्या तासभर आधी.

शेपटीचं_टोक

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, भीती पहिल्यापासून आहे, पण घरातल्या आवाजांची भर गेल्या वर्षभरातली. उडी मारण्याआधी थांबणं हेही आहे. तपासणी करून घेते. दोन पुरवणी प्रश्न: घरातल्या आवाजांसाठी स्पीकर लागेल का? आणि मध्येच खरं वादळ आलं तर पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या का?

खडीसाखर

घरातल्या आवाजांना स्पीकर नको, खरी वस्तूच वापरा. इथे नुसत्या मोठेपणाशी गाठ नाही. आवाजाचा मोठेपणा, त्याची धार आणि अचानकपणा या तीन गोष्टी वेगवेगळ्या शिकवाव्या लागतात.

स्टीलचा एक चमचा घ्या. ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला, निदान चार-पाच मीटरवर. घडी घातलेल्या चादरीवर, वीतभर उंचीवरून, तिला दिसेल असा टाका. चमचा पडला, खाऊ. मग चादरीची एक घडी कमी, मग एकपदरी कापड, मग रबरी मॅट, मग फरशी. उंची तीच, ती बघतेय तेही तसंच. फरशीवरच्या खणखणाटाला ती तुमच्याकडे शेपूट हलवत बघायला लागली की धार झाली. आता पुन्हा चादरीपर्यंत मागे या आणि तिची पाठ असताना टाका. अचानकपणा इथे सुरू होतो, आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. त्यानंतर दुसरी व्यक्ती दुसऱ्या खोलीत टाकेल. शेवटी चमच्याऐवजी झाकण, ताट, पातेलं. दाराचं तसंच: आधी चौकटीला फोमची पट्टी लावून अलगद, मग पट्टीशिवाय.

एरवी दिवसभरात तुमच्या हातून जे काही पडेल, आपटेल, त्याला ताबडतोब बरणी उघडायची. दचकली तरी खाऊ, नाही दचकली तरी खाऊ. तिने काही करून दाखवायची अट नाही.

धूरसूचक यंत्राची बॅटरी उतरली की ते ठरावीक वेळाने बारीक 'चिप' करतं, तेही बघा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२१ साली दाखवलं की असे उंच स्वराचे, अधूनमधून येणारे आवाज कुत्र्यांना सलग चालणाऱ्या खालच्या आवाजांपेक्षा जास्त त्रास देतात, आणि मालकांच्या ते लक्षातही येत नाही. घरात कुणी नसताना असं यंत्र तासन्‌तास वाजत असेल तर घरातल्या आवाजांची भीती कुठून आली हे कोडं उरत नाही. बॅटरी वेळेआधीच बदला.

तिसरा_कान

दुसऱ्या पुरवणी प्रश्नाबद्दल. पहिल्यापासून नको. वादळानंतर दोन दिवस सत्र पूर्ण बंद, कारण अंगातला ताण लगेच उतरत नाही आणि त्या काळात साध्या आवाजालाही ती दचकते. मग जिथे होतात तिथून दोन-तीन पायऱ्या खालून सुरू करा. बहुधा आठवड्याभरात जुन्या जागी याल.

वादळ चालू असताना रेकॉर्डिंगचं सत्र करायचंच नाही, आणि तिने खाऊ नाकारला की काम फक्त बचावाचं. कमीत कमी खिडक्या असलेली आतली खोली. न्हाणीघर किंवा जिन्याखालची जागा तिने स्वतः निवडली असेल तर तीच. पलंगाखालीच जात असेल तर तिथेच गादी टाका, तीन बाजूंनी जाड चादरी सोडा आणि एक बाजू नेहमी उघडी ठेवा. दार लावून कोंडलेली कुत्री नखं आणि दात तुटेपर्यंत दार खरवडतात. दिवा चालू ठेवा, म्हणजे विजेचा लखलखाट कमी जाणवतो. पंखा मोठ्यावर, शिवाय त्याच वूफरवर 'ब्राउन नॉइज', म्हणजे खालच्या सुरांची सलग घरघर. 'व्हाइट' नको, त्यात उंच सूर जास्त, खालचा गडगडाट त्याने झाकला जात नाही. हे सगळं वादळ यायच्या अर्धा तास आधी चालू करा, आणि कोरड्या दिवशीही अधूनमधून लावा. नाहीतर पंखा लागला म्हणजे वादळ येणार, हेही ती शिकून बसेल.

निवांत_पंजा

सुरक्षेचं राहिलंच. फटाके किंवा वादळ अपेक्षित असेल त्या दिवशी शी-शूचं फिरणं उजेडात उरका. बाहेर न्यावंच लागलं तर गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) दोन्ही, प्रत्येकाला वेगळा पट्टा. घाबरलेलं कुत्रं उलटं चालत मान खाली घालतं आणि साध्या गळपट्ट्यातून एका झटक्यात बाहेर पडतं. गळपट्ट्यात दोन बोटं बसतील, पण तो कानांवरून सरकणार नाही इतका घट्ट हवा. मायक्रोचिप असेल तर नोंदवलेला फोन नंबर अजून चालू आहे का ते तपासा, गळ्यातल्या बिल्ल्यावरही तोच नंबर. दारावर बेल वाजली तर कुत्री दुसऱ्या खोलीत नेऊन मगच दार उघडायचं, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.